रक्तदाबाचे पहारेकरी आणि लाल विंचू

(बी. ए. भाग २)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रक्तदाबावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय विज्ञान शाखेचा आणि डॉक्टरांचा, असे मलाही वाटत होते. परंतु मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात भावनांवरील प्रकरण वाचताना स्वायत्त मज्जासंस्थेची ओळख झाली. भीती वाटली की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, एवढे सांगून ते प्रकरण पुढे जाते. हातपाय गारच का पडतात, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधता शोधता मी रक्तदाबापर्यंत गेले आणि रक्तदाबावरून विंचवापर्यंत पोचले. धुऱ्यावरचे दगड उचलणे, पऱ्हाट्या गोळा करणे, कुटार भरणे ही कामे ज्यांच्या घरी रोजची आहेत, अशा वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी हा संबंध समजून घेणे अगत्याचे आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

रक्तदाब म्हणजे काय?

शेतकऱ्याच्या घरी रक्तदाब समजावून सांगायला विहिरीवरची मोटर पुरते. मोटर पाणी ढकलते. ते मुख्य पाइपमधून निघते आणि पुढे लहान लहान नळ्यांत वाटले जाते. मुख्य पाइपमधील दाब दोन गोष्टींवर ठरतो. मोटर किती पाणी ढकलते ही पहिली गोष्ट आणि पुढचे कॉक किती उघडे आहेत ही दुसरी. मोटर तशीच चालू ठेवून बरेचसे कॉक बंद केले तर पाइप ताणतो आणि सांधे गळू लागतात. सगळे कॉक एकदम उघडले तर शेवटच्या स्प्रिंकलरपर्यंत पाणी पोचत नाही.

शरीरातही हाच हिशेब आहे. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर हे रक्त जवळजवळ ५ लिटर होते. शरीरातील एकूण रक्तही साधारण तेवढेच असते, म्हणजे सगळे रक्त मिनिटाला एक फेरी पूर्ण करते. शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिण्यांना पुढे बारीक फाटे फुटतात. त्यांना रोहिणिका म्हणतात. त्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. ती आवळली की नळी अरुंद होते आणि सैल पडली की रुंद होते. शरीरातील कॉक ते हेच. नळी थोडीशी अरुंद झाली तरी प्रवाहाला होणारा अडथळा मात्र फार वाढतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट न होता १६ पट होतो. त्यामुळे या बारीक कॉकांच्या हाती फार मोठी सत्ता आहे.

रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला तो इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने. त्याने एका घोडीच्या रोहिणीत पितळी नळी घालून तिला काचेची उभी नळी जोडली. रक्त त्या नळीत ८ फूट ३ इंच उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. पुढे १८९६ मध्ये इटलीतील रिव्हा-रोची याने दंडाला हवेचा पट्टा बांधण्याची युक्ती काढली आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोटकॉफ याने त्या पट्ट्याखाली नळी लावून ठोक्यांचा आवाज ऐकण्याची रीत सांगितली. दवाखान्यात डॉक्टर '१२० वर ८०' म्हणतात, तेव्हा हृदय आकुंचन पावताना दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटर उंचीइतका आणि हृदय सैल पडताना ८० मिलिमीटर इतका आहे, असा त्याचा अर्थ असतो.

दोन लगाम

मोटर आणि कॉक यांवर देखरेख कोणाची, हा पुढचा प्रश्न. ही देखरेख स्वायत्त मज्जासंस्थेकडे आहे. आपली इच्छा किंवा आज्ञा न विचारता ती काम करते, म्हणून तिला स्वायत्त हे नाव पडले. तिचे दोन विभाग आहेत. एकाला अनुकंपी आणि दुसऱ्याला परानुकंपी म्हणतात.

अनुकंपी मज्जातंतू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपासून निघून हृदयाकडे आणि जवळजवळ सर्व रक्तवाहिन्यांकडे जातात. त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य झिरपते. त्यामुळे हृदय जलद व जोराने चालते आणि रोहिणिका आवळतात. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी याच विभागाच्या आज्ञेने अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात सोडतात. परानुकंपी विभागाचा मुख्य मज्जातंतू म्हणजे व्हेगस. तो मेंदूतून निघून मानेतून खाली हृदयापर्यंत येतो आणि हृदयाची गती आवरून धरतो. मज्जातंतूंचा कोणताच संबंध नसेल तर हृदय स्वतःच्या लयीने मिनिटाला सुमारे १०० ठोके देते. विश्रांतीच्या वेळी आपली नाडी ७० च्या आसपास असते, याचे कारण व्हेगसने लगाम खेचून धरलेला असतो.

अनुकंपी विभाग फक्त संकटाच्या वेळी जागा होतो, असा आपला समज असतो. वास्तविक तो अष्टौप्रहर जागा असतो. आपण शांत बसलेले असतानाही तो रोहिणिकांना थोड्या आवळलेल्या स्थितीत ठेवतो. याचा पुरावा प्रसूतीच्या शस्त्रक्रियेत मिळतो. सिझेरियनच्या वेळी भूल देण्यासाठी कण्यात इंजेक्शन देतात. त्याने वेदना नेणाऱ्या तंतूंबरोबर तेथील अनुकंपी तंतूही बधिर होतात. शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब झरझर उतरू शकतो. म्हणूनच भूलतज्ज्ञ सलाइन आणि औषधे जवळ ठेवून दर काही क्षणांनी दाब पाहत असतात.

पहारेकरी कोठे असतात?

लगाम खेचायचा की सैल सोडायचा, हे ठरविण्यासाठी दाब किती आहे याची बातमी सतत लागते. ही बातमी देणारे पहारेकरी दोन ठिकाणी बसविलेले आहेत. पहिली चौकी मानेत, जबड्याच्या कोनाखाली दोन्ही बाजूंना आहे. तेथे डोक्याकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीचे दोन फाटे होतात आणि फाट्याच्या मुळाशी एक किंचित फुगीर भाग असतो. दुसरी चौकी हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत आहे. मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर आणि सर्व शरीराकडे जाणाऱ्या वाटेवर असे हे दोन नाके आहेत.

या ठिकाणच्या भिंतींत मज्जातंतूंची बारीक टोके पसरलेली असतात. त्यांना दाबग्राही म्हणतात. खरे पाहता ती भिंतीचा ताण ओळखतात. दाब वाढला की भिंत ताणते आणि ही टोके भराभर संदेश पाठवितात. दाब उतरला की संदेश विरळ होतात. मानेतील चौकीचा संदेश मेंदूतून निघणाऱ्या नवव्या मज्जातंतूने आणि महारोहिणीचा संदेश दहाव्या, म्हणजे व्हेगस मज्जातंतूने वर जातो. दोन्ही संदेश लंबमज्जेत पोचतात. मेंदूचा हा सर्वांत खालचा भाग मज्जारज्जूला जोडलेला असतो. श्वासोच्छ्वासाची सूत्रेही येथेच आहेत.

संदेश भराभर येऊ लागले की लंबमज्जा व्हेगसचा लगाम खेचते आणि अनुकंपी विभागाला आवरते. हृदय मंदावते, रोहिणिका सैल पडतात आणि दाब उतरतो. संदेश विरळ झाले की नेमके उलटे घडते. येथे पहारेकऱ्याने ओरडणे जितके अर्थपूर्ण आहे, तितकेच त्याचे गप्प होणेही. सिऑन आणि लुडविग या दोन शास्त्रज्ञांनी १८६६ साली सशाच्या महारोहिणीकडून येणारा मज्जातंतू शोधून काढला आणि त्याला उत्तेजित केले की रक्तदाब उतरतो, हे दाखविले. मानेतील चौकीचे कार्य जर्मनीतील हेरिंग याने १९२० नंतरच्या दशकात स्पष्ट केले.

उभे राहणे ही केवढी क्रिया!

या व्यवस्थेची परीक्षा आपण दिवसातून शेकडो वेळा घेतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. निजलेला माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर, कधी त्याहूनही अधिक रक्त पोटातील आणि पायांतील शिरांत उतरते. हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते, म्हणून हृदय पुढे ढकलते तेही कमी होते. शिवाय आता डोके हृदयाच्या वर असते. या उंचीमुळेच मेंदूपाशी दाब २० ते २५ मिलिमीटरने कमी भरतो. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. मग उभा राहणारा प्रत्येक माणूस खाली का कोसळत नाही?

कारण पहारेकरी त्याच क्षणी गप्प होतात. व्हेगसचा लगाम एक-दोन ठोक्यांच्या आत सैल सुटतो आणि हृदय जलद चालू लागते. अनुकंपी विभागाचे काम त्यामानाने सावकाश चालते. त्याला काही सेकंद लागतात. परंतु त्या सेकंदांत पोटातील, पायांतील आणि त्वचेतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब पूर्ववत होतो. वाचकांना हे स्वतः पडताळून पाहता येईल. पाच मिनिटे शांत पडून राहावे व मनगटाची नाडी मोजावी. मग उभे राहून लगेच पुन्हा मोजावी. मी हा प्रयोग वर्गातील मैत्रिणींवर केला. प्रत्येकीचा आकडा वेगळा आला, पण उभे राहिल्यावर जिची नाडी वाढली नाही अशी एकही मैत्रीण निघाली नाही.

ही तजवीज कधी कधी अपुरीही पडते. उन्हाळ्यात अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचे आकारमान घटलेले असते. सकाळपासून वाकून निंदण करणारी बाई दुपारी एकदम ताठ उभी राहते आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. याला आपण अशक्तपणा म्हणून सोडून देतो. पुष्कळदा तो पहारेकऱ्यांनी धाडलेला निरोप अमलात येईपर्यंतचा काळ असतो. पाणी पीत राहणे, उठताना आधी बसणे आणि मग उभे राहणे, एवढ्याने त्यातला बराच त्रास टळतो. शाळेच्या प्रार्थनेत फार वेळ स्तब्ध उभे राहिलेले मूल कोसळते, त्यात आणखी एक गोष्ट घडते. व्हेगसचा लगाम अवेळी खेचला जातो आणि रक्तवाहिन्याही सैल पडतात. अशा मुलाला उचलून उभे करणे चुकीचे. त्याला आडवे ठेवून पाय वर उचलावेत म्हणजे रक्त डोक्याकडे येते.

पहाऱ्याची मर्यादा

मज्जासंस्था दाबाला इतकी जपते, तर मग उच्च रक्तदाबाचा विकार होतोच कसा? ही शंका मलाही आली होती. तिचे उत्तर असे की हे पहारेकरी क्षणांचे आणि मिनिटांचे राखणदार आहेत. दाब दिवसच्या दिवस चढलेला राहिला तर ते त्या चढलेल्या दाबालाच नेहमीचा मानू लागतात. रोजच्या गोंगाटाची कानाला सवय व्हावी तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेतील गायटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दाबग्राहींचे मज्जातंतू तोडलेल्या कुत्र्यांचा सरासरी रक्तदाब फारसा बदलला नाही. मात्र दिवसभरात तो एकसारखा वरखाली होत राहिला. दाबाची दीर्घकाळची पातळी ठरविण्यात मीठ आणि पाणी यांचा हिशेब ठेवणाऱ्या मूत्रपिंडांचा वाटा मोठा असतो. उच्च रक्तदाब वर्षानुवर्षे कोणतीही खूण न दाखविता राहू शकतो, याचे एक कारण पहारेकऱ्यांना पडलेल्या या सवयीत आहे. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी काही होत नसतानाही रक्तदाब मोजून घ्यावा.

मज्जातंतूचे टोक : एक मूळ आणि एक विष

आतापर्यंतच्या विवेचनात एक जागा फार महत्त्वाची ठरते. ती म्हणजे अनुकंपी मज्जातंतूचे टोक आणि रक्तवाहिनीची भिंत यांची भेट होते ती जागा. वरून आलेली आज्ञा येथे नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या रूपाने स्नायूच्या हाती पडते. या जागेवर ज्याची सत्ता, त्याची रक्तदाबावर सत्ता. आपल्या महाराष्ट्रात या जागेशी निगडित दोन मोठी कामे झाली आहेत.

पहिले काम मुंबईचे. आयुर्वेदात पूर्वापार वापरल्या जाणाऱ्या सर्पगंधा या वनस्पतीचे मूळ उच्च रक्तदाबावर उपयोगी पडते, याची पद्धतशीर चाचणी मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी घेतली आणि १९४९ मध्ये ती ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेथून जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. हे द्रव्य अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतील नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा साठा रिकामा करते, म्हणून रोहिणिका सैल पडतात. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला. नंतर अधिक चांगली औषधे आल्याने रिसर्पिन मागे पडले.

सर्पगंधा या टोकांतील कोठार रिकामे करून आज्ञा निष्फळ करते. त्याच टोकांवर आज्ञेवाचून कोठाराची दारे सताड उघडणारा पदार्थ आपल्या धुऱ्यावरच्या दगडाखाली असतो. तो म्हणजे लाल विंचवाचे विष.

लाल विंचू दिसायला लहानसा असतो. त्याचे पुढचे चिमटे बारीक आणि मागची शेपटी जाड असते. आपण भितो ते मोठ्या चिमट्यांच्या काळ्या विंचवाला. वास्तविक त्याचे विष बहुधा सौम्य असते आणि लाल विंचू अधिक घातक असतो. मज्जातंतूंतून संदेश वाहताना त्यांच्या आवरणातील सूक्ष्म दारे क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. लाल विंचवाचे विष ही दारे मिटू देत नाही. परिणामी मज्जातंतू एकसारखे पेटलेले राहतात. व्हेगसकडील तंतू आधी खवळतात, म्हणून उलट्या होतात, लाळ गळते, नाडी मंद होऊ शकते. त्याबरोबर दरदरून घाम फुटतो. संत एकनाथांच्या विंचवावरील प्रसिद्ध भारुडातही चावल्याबरोबर अंगाला घाम आल्याचे वर्णन आहे. नाथांच्या भारुडातील विंचू म्हणजे कामक्रोध. परंतु घामाची खूण वैद्यकाच्या दृष्टीनेही अचूक आहे.

त्यानंतर अनुकंपी विभागाचे वादळ सुरू होते. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि अ‍ॅड्रेनॅलिन यांचा पूर लोटतो. सगळीकडच्या रोहिणिका एकदम आवळतात आणि रक्तदाब भराभर चढतो. त्वचेकडे रक्त जात नाही, म्हणून हातपाय बर्फासारखे गार पडतात. भीतीने हात गार पडतात ते याच कारणाने, फक्त तेथे हे सौम्य असते आणि थोड्या वेळात ओसरते.

या वेळी पहारेकरी झोपलेले नसतात, ही गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटली. चौकीवरून दाब वाढल्याची बातमी लंबमज्जेला जातच असते. लंबमज्जा अनुकंपी विभागाला आवरण्याचा प्रयत्नही करते. पण बिघाड खाली, मज्जातंतूंच्या टोकांवर झालेला असतो. वरून हुकूम सुटलेला नसतानाही शिपाई धावत सुटतात आणि थांबण्याचा हुकूम कोणी ऐकत नाही. आवळलेल्या नळ्यांच्या विरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मागे तुंबलेल्या रक्तातील पाणी फुप्फुसांत उतरते, खोकला आणि धाप लागते, तोंडाला फेस येतो. चढलेला रक्तदाब मग कोसळतो आणि रोगी, विशेषतः लहान मूल, काही तासांत दगावू शकते.

महाडचा अनुभव

दुसरे काम या वादळावर उपाय शोधण्याचे. ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केले. त्यांचे मूळ गाव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील देहेड. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. १९७६ मध्ये ते तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने माणसे मरताना त्यांनी तेथे पाहिली. ते रोग्यांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा यांच्या तासातासाच्या नोंदी ठेवू लागले. या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा लेख १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

रोग्याला मारते ते अनुकंपी वादळ आणि आवळलेल्या रोहिणिका, हे एकदा ध्यानात आल्यावर उपायाची दिशाही ठरली. प्राझोसिन ही उच्च रक्तदाबावर दिली जाणारी साधी गोळी होती. रोहिणिकांच्या भिंतीवर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन ज्या जागी जाऊन बसते, तीच जागा ही गोळी अडवून धरते. कोठाराची दारे उघडी राहिली तरी माल उतरवून घ्यायला कोणी नसते. बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांना ही गोळी दिली आणि १९८६ मध्ये त्याविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. विषबाधेची सर्वांगीण लक्षणे दिसणाऱ्या रोग्यांत पूर्वी शंभरातले २५ ते ३० दगावत, असे त्यांनी नमूद केले आहे. प्राझोसिननंतर हे प्रमाण शंभरात सुमारे एकावर आले. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत तयार झालेले विंचूदंशावरील प्रतिविष मिळू लागले. डॉ. बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाड येथे ७० रोग्यांवर तुलना केली आणि ती २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि प्रतिविष मिळून दिल्यास रोगी लवकर बरा होतो, असे तीत दिसून आले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या उपचारातील दोन बारकावे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. गोळी पुन्हा पुन्हा कोठवर द्यायची, याची खूण म्हणजे रोग्याचे हातपाय. ते कोरडे आणि ऊबदार झाले म्हणजे कॉक उघडले. दुसरा बारकावा असा की प्राझोसिन दिलेल्या रोग्याला आडवेच ठेवावे लागते. उभे राहताना पायांतील रक्तवाहिन्या आवळण्यासाठी शरीर ज्या जागेचा आधार घेते, तीच जागा या गोळीने अडविलेली असते. रोगी एकदम उठला तर दाब कोसळून तो पडू शकतो. शाळेतील मुलाची भोवळ आणि विंचवाच्या रोग्याचे अंथरूण या दोहोंच्या मागे एकच नियम आहे.

आपण काय करावे?

आपल्या गावांतून अजूनही विंचू उतरविणाऱ्याकडे आधी जातात. त्याचा गुण येतो, असे अनुभवही लोक सांगतात. यामागील कारण सरळ आहे. बहुतेक दंशांत विष थोडे असते, नुसती आग होते आणि काही तासांत ती आपोआप उतरते. मंत्र न म्हणताही ती उतरलीच असती. परंतु घाम, उलट्या आणि गार हातपाय ही लक्षणे दिसू लागली म्हणजे अनुकंपी वादळ उठले आहे. अशा वेळी मंत्रात गेलेला तास परत मिळत नाही. ज्या रोग्याला वेदना कमी आणि घाम जास्त, त्याच्याविषयी तर निर्धास्त राहूच नये. दंशाची जागा कापणे, चोखणे, घट्ट दोरी बांधणे यांचा उपयोग नाही. रोग्याला आडवे ठेवावे, धीर द्यावा, दंशाची वेळ ध्यानात ठेवावी आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलावून किंवा मिळेल त्या वाहनाने लगेच आरोग्य केंद्र गाठावे. लहान मुलाच्या बाबतीत लक्षणांची वाटही पाहू नये. औषध मात्र डॉक्टरांच्याच हातून घ्यावे. प्राझोसिन घरी ठेवून स्वतः देण्याची गोळी नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होईलच.

मी महाविद्यालयात येणारी आमच्या घरातील पहिली. पुस्तकातले ज्ञान शेतात कोणत्या कामाचे, हा प्रश्न घरी मला नेहमी विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. या विषयापुरते तरी मी त्यांना उत्तर देऊ शकते. हातपाय गार का पडतात, एवढ्या एका प्रश्नाचा नीट पाठपुरावा केल्याने एका ग्रामीण आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना शेकडो घरांतील मुले वाचविता आली. ही माहिती त्यांनी जगापुढे ठेवली आहे. ती धुऱ्यावर काम करणाऱ्या माणसापर्यंत, त्याला समजेल अशा मराठीत पोचविणे हे काम मात्र डॉक्टरांचे एकट्यांचे नाही. ते भाषा शिकणाऱ्या आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचेही आहे, असे मला नम्रपणे वाटते.